गाडी पडली नव्हती

१

माझा धाकटा भाऊ स्वतःच्या लाल गाडीखाली चिरडून मेला, आणि घरी भेटायला आलेल्या प्रत्येकाने दोष त्यालाच दिला.

"हौस नडली हो," म्हणायचे. "गॅरेजवाल्याकडे टाकली असती गाडी तर हा दिवस आला नसता," म्हणायचे. वर चहाही मागून घ्यायचे. मी दात आवळून ऐकत होते. एकेकाला दंडाला धरून बाहेर काढावं असं वाटत होतं, पण भावजयीकडे बघून गप्प बसले.

ती गाडी म्हणजे जुनी, दोनच माणसं बसतील अशी स्पोर्ट्स कार. इतकी ठेंगणी, की आत बसायचं म्हणजे जमिनीवरच बसकण मारायची. मूळची माझ्या सासऱ्यांची. जाण्यापूर्वी त्यांनी ती पोटच्या मुलाला न देता सुनेच्या भावाला दिली, कारण सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर इंजिनात डोकं घालून बसायचा तो धाकटाच. माझ्या मिस्टरांनी तेव्हा हसून सांगितलं होतं, "घेऊ दे की त्याला. आपल्याला बाबा जीपच बरी. कंबर तरी शाबूत राहते."

धाकट्याला शेवटचं जिवंत कोणी पाहिलं नाही. मेलेला पहिल्यांदा पाहिला तो माझ्याच मिस्टरांनी. ते त्याच्याकडे सहज म्हणून गेले होते. फाटकाशी जीप लावत असताना आत धाडकन आवाज झाला. धावत जाऊन बघतात तर गाडी टेकूच्या लोखंडी स्टँडवरून घसरलेली आणि धाकटा खाली. गॅरेजमध्ये गाडी उचलायचा जॅक दिसेना, म्हणून पळत जाऊन जीपमधला स्वतःचा जॅक आणला, गाडीखाली सारला, गाडी उचलली, त्याला ओढून बाहेर काढलं आणि मग ओरडून लोक गोळा केले. सगळं संपलेलंच होतं. मिस्टरांचे हात सोलवटले होते. सगळे त्यांच्या पाठीवर हात फिरवत होते. मी तर ते सोलवटलेले हात माझ्या हातात धरून रडले.

इन्स्पेक्टरांनी येऊन पाहिलं. स्टँड नीट लावला नव्हता, अपघात, असं म्हणाले आणि मोकळे झाले.

मी मात्र मोकळी झाले नाही. विमा कंपनीसाठी ठोकलेल्या, आपटलेल्या, जळलेल्या गाड्या बघण्यात माझी उमर गेली आहे. गाडीचा मालक काय सांगतो ते मी नंतर ऐकते, आधी गाडीकडे बघते. गॅरेजमध्ये मी बघितलं, आणि मला ते काढलेलं पुढचं चाक भिंतीला टेकवून ठेवलेलं दिसलं.

धाकटा घराला कुलूप लावायला विसरेल, बायकोचा वाढदिवस तर हमखास विसरेल. पण चाक काढलं की ते आडवं करून गाडीच्या कडेखाली सरकवायला तो कधी विसरला नव्हता. जॅक दगा देईल, स्टँड दगा देईल, पण चाक मध्ये असलं की गाडी अंगावर येत नाही, हे त्याने मला इतक्यांदा ऐकवलं होतं की मी कंटाळले होते.

चाक आपण होऊन भिंतीपाशी गेलं नव्हतं. ज्याने ते ओढून काढलं त्याने माझा भाऊ मारला होता, आणि त्याला मी सोडणार नव्हते.

२

सुरुवात भावजयीपासून केली. घरचं माणूस म्हणून सूट द्यायची नाही, हा माझा पहिल्यापासूनचा शिरस्ता.

"तुला ती गाडी आवडायची नाही."

"सवत होती ती माझी," ती म्हणाली. "उघड म्हणायचे मी. त्यांच्या तोंडावर म्हणायचे."

"त्या दिवशी कुठे होतीस?"

"ऑफिसात. विचारा हवं तर. वन्सं, तुम्हाला वाटतंय मी केलं?"

"मला काहीच वाटत नाही. कोणीतरी केलंय एवढं मला ठाऊक आहे."

ती पदराशी चाळा करत बसली. मग डोळे पुसून सरळ माझ्याकडे बघायला लागली. "खरंच कोणी केलं असेल तर मला आधी सांगा. पोलिसांच्या आधी."

त्या क्षणी मला ती पहिल्यांदा आवडली. ऑफिसात फोन करून खात्री मात्र मी केलीच. ती दिवसभर तिथून हलली नव्हती.

"त्याचं भांडण कोणाशी होतं?" मी विचारलं.

"शेजारच्या मास्तरांशी रोजचंच. गाडीच्या आवाजावरून. आदल्याच आठवड्यात मास्तर भिंतीवरून ओरडले, 'ही गाडी एक दिवस तुमच्याच अंगावर येईल!' आणि त्या हत्यारवाल्या शेटशीही झालं होतं. भर दुकानात त्याची इज्जत काढली यांनी."

"कशावरून?"

"स्टँडवरून," ती म्हणाली. "याच गाडीच्या."

३

मास्तर गणिताचे. निवृत्त झाले तरी कुठल्या कुठल्या परीक्षांचे पेपर तपासायला आणतात. त्यांची खिडकी आणि धाकट्याचं गॅरेज यांच्यामध्ये एक विटांची भिंत, बस.

"या," ते म्हणाले. "माझ्यावर संशय घ्यायला आलात ना? बसा. सगळी गल्ली घेतेच आहे."

"तुम्ही म्हणाला होतात गाडी अंगावर येईल."

"म्हणालो होतो. रागाच्या भरात मी वर्गातल्या निम्म्या पोरांना चुलीत घातलं आहे. अजून सगळी धडधाकट आहेत." मग त्यांचा आवाज खाली आला. "वाईट वाटतं हो. शेवटचं बोलणं ते झालं."

"त्या दिवशी कुठे होतात?"

"इथेच. या खुर्चीत. खिडकी उघडी होती. इतके दिवस झाले पण असं शांतपणे काम झालं नव्हतं. ना इंजिन, ना ठोकाठोक. म्हटलं आज पठ्ठ्या झोपला वाटतं."

"गाडी पडल्याचा आवाज केवढा आला?"

"आवाज?" मास्तरांनी चष्मा काढला. "आवाज कुठला? मला पहिल्यांदा ऐकू आली ती तुमच्या मिस्टरांची हाक. 'धावा, धावा' म्हणून. मी लगेच गेलो. गाडी जॅकवर उचललेली होती आणि ते त्याला ओढून बाहेर काढून बसले होते. एकटेच."

"त्याच्याआधी काहीच नाही? धाडकन, आपटल्यासारखं?"

"अहो, त्याने पाना खाली ठेवला तरी माझी बेरीज चुकायची. गाडी पडली असती तर मी खुर्चीतून उडालो असतो."

माझ्या मिस्टरांनी फाटकापाशी, रस्त्यावर, आवाज ऐकला होता. मास्तरांनी भिंतीला लागून बसून ऐकला नव्हता. दोघांपैकी एक जण मला बनवत होता, आणि मी सरळ मास्तरांवर संशय घेतला. जेवताना मिस्टरांना तसं बोलूनही दाखवलं.

"मला पण तो माणूस कधी धड वाटला नाही," मिस्टर म्हणाले आणि त्यांनी मला आग्रह करून वाढलं.

४

हत्यारवाले शेट मला बघताच काउंटरमागून बाहेर आले.

"ताई, माझ्या स्टँडने तो गेला असं लोक बोलतायत. गिऱ्हाईक दारातून परत जातंय. पण माझा स्टँड घसरणारा नव्हता."

"तुमची इज्जत काढली होती त्याने, ऐकलं मी."

"काढली! पहिली जोडी दिली ती त्याने परत आणून आपटली. म्हणाला, वेल्डिंग पोकळ आहे, याच्याखाली तू झोपशील का? दहा माणसांसमोर. मला राग आला. रागाने मी खरंच जोडी तोडून बघितली, तर पोकळच निघाली. ज्याच्याकडून माल घेतला होता त्याला दुसऱ्या दिवशी दारात उभा केला नाही मी. धाकटेसाहेबांना दुसरी जोडी दिली, जाड पायांची, भारीतली. त्यांनी तिच्यावर उड्या मारून घेतली."

हे धाकट्याचंच वागणं होतं. एक पाना घ्यायचा तर तो चार दुकानं फिरायचा. नट किती ताणाने आवळायचा ते दाखवणारा पाना घेतला तेव्हा तर तो घरी येऊन मला तासभर त्याचं कौतुक सांगत बसला होता. ब्रेकची नळी मोजूनमापून आवळणारा माणूस स्टँड मात्र वेडावाकडा लावेल, हे मला कोणी सांगू नये.

"आणि जॅक?" मी विचारलं. "गॅरेजमध्ये जॅक नव्हता म्हणे."

"कसा असेल? माझ्याकडे आहे ना." शेट आत गेले आणि एक लांबलचक, पसरट, चाकांवर चालणारा जॅक ओढत आणला. "तेल गळत होतं. गाडी स्टँडवर चढवली आणि हा मला दुरुस्तीला आणून दिला. तयार आहे. घेऊन जा ताई, मला तो बघवत नाही."

तो जॅक दोघांनी मिळून माझ्या डिकीत टाकला. शेटचे डोळे भरून आले होते. मी तिथून निघाले ती थेट गॅरेजवर गेले. स्टँड गाडीला नक्की कुठे टेकला होता, घसरल्याचा ओरखडा तिथे उठलाय का, ते मला खालून बघायचं होतं.

५

गॅरेज तसंच होतं. पोलीस गेल्यावर, आणखी कोणाला इजा नको म्हणून, मिस्टरांनी एका मेकॅनिककडून चाक बसवून, त्याच्याच जॅकने गाडी खाली उतरवून घेतली होती. त्यांचा जीपचा जॅक कोपऱ्यात पडलेला होता. डिकीतला तो जड जॅक कोण काढणार, म्हणून मी हाच घेतला, गुडघ्यावर बसले आणि गाडीच्या कडेखाली सारला.

टक्.

जॅकचं डोकं कडेला आपटलं. पूर्ण खाली बसवलेला जॅक, पण तो गाडीखाली जाईना. मी पुढून प्रयत्न केला. बंपरला अडला. दुसऱ्या बाजूने केला. तिथेही तेच. गाडी ठेंगणी, जॅक जीपचा. मग मला आठवलं की धाकट्याने तो पसरट जॅक एवढा शोधून का घेतला होता. साधा जॅक या गाडीखाली शिरतच नाही म्हणून.

आज तर गाडी चारी चाकांवर होती. त्या दिवशी चाक काढलेलं होतं. स्टँडवरून पडलेली गाडी याहूनही खाली गेली असणार.

मी फरशीवरच बसून राहिले. फरशी धाकट्याने स्वतः रंगवली होती, करड्या रंगाची, गुळगुळीत, तिच्यावर चपला घालून आलेलं त्याला चालायचं नाही. चाक नसताना गाडी पडली तर ब्रेकची लोखंडी चकती आधी फरशीवर आपटते. माझ्या नोकरीत असे खड्डे मी ढिगाने पाहिलेत. मी जमिनीला गाल लावून बघितलं, हात फिरवून बघितलं. खड्डा नव्हता. रंगाचा टवकासुद्धा उडालेला नव्हता.

मास्तर खरं बोलले होते. आवाज झालाच नव्हता, कारण गाडी पडलीच नव्हती.

मी जीपचा जॅक होता तसा कोपऱ्यात परत ठेवला. मग भावजयीच्या घरात गेले आणि तिने म्हटल्याप्रमाणे पोलिसांच्या आधी तिला सांगितलं. ती ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "आता तुम्ही काय करणार, वन्सं? तुमचा संसार आहे."

"होता," मी म्हटलं.

६

इन्स्पेक्टरांना मी जुन्या ओळखीवर बोलावलं. मास्तर आणि शेट यांना अब्रू परत हवी होती, ते बोलावल्याबरोबर आले. भावजय घराच्या पायरीवर उभी राहिली. मिस्टरांना वाटलं मास्तर सापडले. ते खुशीत होते.

"अहो," मी म्हटलं, "त्या दिवशी जॅक कसा घातलात, तेवढं एकदा दाखवा ना साहेबांना."

"आता हे काय नवीन?"

"दाखवा तर."

त्यांनी जॅक उचलला, गुडघे टेकले, सारला. टक्. हसून पुन्हा सारला. टक्. मग पुढून, मग मागून. हळूहळू हसू गेलं आणि कपाळावर घाम आला.

"त्या दिवशी चाक नव्हतं," ते म्हणाले.

"चाक नव्हतं म्हणजे गाडी आणखी खाली."

"मग... खाली फळी घातली होती मी."

"फळीवर गाडी चढवायला चाक लागतं."

"हाताने उचलली! अशा वेळी माणसाच्या अंगात बळ येतं."

"दोन्ही हातांनी गाडी धरलीत, तर जॅक कोणत्या हाताने सरकवलात?"

इन्स्पेक्टर भिंतीला टेकून उभे होते, ते सरळ झाले.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "पडलेल्या गाडीखाली हा जॅक जात नाही. आणि मास्तर आले तेव्हा तर हाच जॅक गाडीखाली होता. म्हणजे तो आधीच घातलेला होता, गाडी स्टँडवर उंच होती तेव्हा. धाकटा खाली काम करत होता. याने त्याला सांगितलं असणार, कडेखालचं चाक काढतो, त्या जागी जॅक लावतो, जास्त भक्कम. धाकट्याने 'बरं' म्हटलं असेल. भाऊजीच ते. जॅकने गाडी केसभर उचलली, स्टँड मोकळा झाला, तो काढून आडवा टाकला आणि जॅकची दाब सोडायची चावी फिरवली. गाडी जॅकवरच खाली बसली. फरशीला लागली नाही, म्हणून खड्डा नाही. आवाजही नाही. जॅकच्या उंचीएवढी जागा उरली, पण माणसाच्या छातीला ती पुरत नाही. मग पुन्हा जॅक मारून गाडी उचलली, त्याला ओढलं, हात सोलवटून घेतले आणि बोंब ठोकली."

"मूर्खपणा आहे हा," मिस्टर म्हणाले. पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

"चूक कुठे झाली सांगू? उंच गाडीखाली जॅक सहज गेला, म्हणून तुला वाटलं की खालच्या गाडीखालीही जातो. ज्याने ही गाडी एकदा जरी स्वतः उचलली असती त्याला हे ठाऊक असतं. तू कधी उचलली नाहीस. म्हणूनच मामंजींनी ती तुला दिली नाही."

लग्न झाल्यापासून मी त्याला पहिल्यांदा 'अरे-तुरे' केलं. ते त्याला जॅकपेक्षा जास्त लागलं.

"माझ्या बापाची गाडी होती ती!" तो किंचाळला. "माझ्या! आणि हा कोण उपटसुंभ! दर सुट्टीला माझ्याच दारासमोरून हॉर्न वाजवत जायचा. बाबा मरताना याचं नाव घेत होते. याचं! मी उशाशी बसलो होतो!"

धाकटा हॉर्न वाजवायचा तो मला बाहेर बोलवायला. हे त्याला समजावण्यात आता काही अर्थ नव्हता.

७

त्याला नेताना गंमत बघा, त्याचा चेहरा सैल झाला होता. बोलून टाकल्यावर त्याला हलकं वाटत होतं. गाडीशी थांबून तो तिच्या टपावर हात फिरवत म्हणाला, "असो. निदान आता तो तरी हिच्यात बसणार नाही."

मी ते समाधान बघितलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हा तुरुंगात जाईल, भाकरी खाईल, झोपेल, आणि मनात म्हणेल की फिटलं एकदाचं. माझा भाऊ मातीत आणि याचा हिशेब चुकता. हे मी होऊ देणार नव्हते.

मी त्याच्या अगदी जवळ गेले.

"तुला सांगणार नव्हते," मी म्हटलं. "ब्रेकचं काम झालं की तो ही गाडी तुझ्या दारात आणून लावणार होता. कायमची. मला म्हणाला, ताई, त्यांच्या वडिलांची आहे, त्यांनाच शोभते. मी फक्त नीट करून देतोय. भाऊजींना आधी सांगू नकोस."

"खोटं," तो म्हणाला. पण हात टपावरून खाली आला.

"खरं आहे, भाऊजी," पायरीवरून भावजय म्हणाली. आमचं काहीच ठरलेलं नव्हतं. तिचा आवाज एकदम साधा होता. "किल्लीला नवी कातडी पट्टीसुद्धा आणली होती त्यांनी. तुम्हाला तपकिरी रंग आवडतो ना, म्हणून."

तो आधी तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे, मग गाडीच्या त्या पुढच्या चाकाकडे. तो तिथेच फरशीवर बसला. इन्स्पेक्टरांनी आणि शिपायाने मिळून त्याला धरून नेलं. फाटकाबाहेर जाईपर्यंत तो गळा काढून रडत होता.

सगळे गेल्यावर भावजयीने फाटक लावलं आणि आत आली.

"यांनी ती गाडी जन्मात कोणाला दिली नसती," ती म्हणाली. "मला तर स्टिअरिंगला हात लावू द्यायचे नाहीत."

"माहीत आहे."

"त्यांना कधी कळेल का?"

"कोण सांगणार? तू?"

ती नाही म्हणाली, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात जाऊन जेवलो. भाऊ गेल्यापासून मला पहिल्यांदाच घास नीट गिळता आला.

आता तो आत आहे. भेटीच्या दिवशी जाळीपलीकडून दुसरं काही विचारत नाही. घर कसं आहे नाही, मी कशी आहे नाही. फक्त म्हणतो, "तो काय म्हणाला होता, परत एकदा सांग ना." खंगलाय पार. लोक मला म्हणतात, एवढं करूनही नवऱ्याला भेटायला जातेस, मन मोठं आहे तुझं. मी न चुकता जाते. समोर बसते, धाकटा काय म्हणाला होता ते सांगते, आणि दर वेळी त्यात एखादी नवी गोष्ट घालते.